दमण राहिलं, तोरणमाळ झालं

आमच्याकडे सहल ठरते ती भांडून. या वेळी भांडायला दोनच जागा होत्या, तरी आठवडा गेला.

धाकटा दीर उधन्याला असतो, साड्यांच्या प्रोसेसिंग मिलमध्ये. धुळे-नंदुरबारकडच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी सुरतेकडे असतंच, तसं आमचंही. त्याचं म्हणणं, नाताळच्या सुट्टीत दमणला या. नंदुरबारहून गाडीत बसायचं, सुरतेला उतरून वापीची गाडी धरायची, तिथून रिक्षा. जुना किल्ला आहे, चर्च आहे, खाडीत मासेमारीच्या बोटी आहेत, गाव शांत आहे. सासूबाईंनी समुद्र एकदाच पाहिलाय, मुंबईत, तोही भर दुपारी डोक्यावर पदर घेऊन. त्यांना पुन्हा पाहायचा होता.

अडलं ते गावाच्या नावापाशी. गुजरातेत दारूबंदी आणि दमणात नाही, त्यामुळे आमच्या गल्लीत 'दमणला चाललो' म्हटलं की पुढचा माणूस हसायला लागतो. नवरा शाळेत शिक्षक. तो म्हणाला, "स्टाफरूममध्ये मी हे सांगणार नाही, तूच सांग."

माझं मत तोरणमाळला होतं. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात, अकराशे मीटरच्या वर. महाराष्ट्रात थंड हवेचं ठिकाण म्हणून महाबळेश्वरच्या खालोखाल नाव घेतात, पण धुळ्यातल्याच निम्म्या लोकांनी पाहिलेलं नसतं. लेक अकरावीत आहे. तिचा पहिला प्रश्न, "रेंज येते का?" येत नाही म्हटल्यावर तिचं मत दमणला गेलं.

त्यात जिभाऊंनी तिसरंच काढलं. जिभाऊ म्हणजे माझे चुलत सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं की जुनं बंदरच पाहायचं असेल तर इतक्या लांब कशाला जायचं, तापीकाठचं थाळनेर काय वाईट आहे?

"जिभाऊ, थाळनेर बंदर कसं होईल?"

"नदी शे, नाव शे, मंग बंदर नही ते काय शे?"

शेवटी असं ठरलं की दीर आणि जाऊ त्यांच्यापुरते दमणला जातील, आम्ही थाळनेरवरून तोरणमाळ गाठू आणि एकमेकांना फोटो पाठवू. सासूबाईंचा समुद्र राहिला. जिभाऊंनी त्यांची समजूत काढली, "समुद्र काही पयी जात नही."

गुरुवार

धुळ्यातल्या देवपुरातून सकाळी निघालो. आग्रा रोडला लागलं की सोनगीर येतं. रस्त्यावरून किल्ल्याची टेकडी दिसते आणि खाली पितळी भांड्यांची दुकानं. सासूबाईंना तिथे उतरायचं होतंच. एक लोटा घेतला आणि नरडाणा येईपर्यंत तो मांडीवर होता.

सावळद्याचा पूल आला तशी जिभाऊंनी गाडी हळू करायला लावली. तापीचं पात्र तिथे रुंद आहे. त्यांनी नोकरीभर हीच नदी पाहिली, त्यामुळे नदी दिसली की माणूस बोलायला लागतो. मुलताईला उगम, ७२४ किलोमीटर पश्चिमेला धावते, सुरतेला समुद्र. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी एकापाठोपाठ बॅरेजेस. "तुमच्या दमणपेक्षा सुरत मोठं बंदर होतं," ते म्हणाले, "आणि सुरतेचा माल कुठून जायचा? इथून."

हे मात्र खरं आहे. मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूर ते सुरत हा देशातल्या मोठ्या व्यापारी रस्त्यांपैकी एक. सतराव्या शतकात त्या वाटेने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये मुक्कामांची यादी देतो, तिच्यात नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर आहे आणि चोपडाही आहे. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असंही त्याने लिहून ठेवलंय. पण माल नावांतून जात नव्हता. तापी समुद्राजवळचा थोडा पट्टा सोडला तर नौकांच्या उपयोगाची नाही, वर खडक आणि उथळ पाणी. माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जायचा. थाळनेरला होता तो नदीचा उतार. जिथे काफिला पलीकडे जाऊ शकतो अशी जागा. जो उतार धरून बसला, त्याने जकात घ्यायची. मी हे बोलून दाखवल्यावर जिभाऊ म्हणाले, "जकात घेतली म्हणजे बंदरच झालं ना." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजून नाही.

थाळनेर गाव नदीच्या उत्तर काठावर आहे. बाजारपेठ छोटी, घरं दाटीची, मधूनच एखादा जुना लाकडी खांबांचा वाडा, त्याच्या ओट्यावर डिश अँटेना. आम्ही आधी हजिऱ्यांकडे गेलो. हजिरे म्हणजे फारुकी सुलतानांच्या कबरी. खानदेशवर दोनशे वर्षांहून जास्त काळ राज्य केलेलं हे घराणं, आणि त्याची सुरुवात या गावातून झाली. मलिक राजा हा मूळ पुरुष. तो १३९९ मध्ये वारला, त्याला इथेच पुरलं. थोरल्या नासीरला राज्य मिळालं, पण थाळनेर बापाने धाकट्या इफ्तिखारला दिलं होतं. नासीरने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं आणि तरीही १४१७ मध्ये माळव्याची मदत आणून भावाकडून थाळनेर काढून घेतलं. एवढं सगळं पदरात असताना धाकट्याचा वाटाही पाहिजे! जिभाऊ आणि सासूबाईंनी इथे एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरातही बांधाची एक जुनी गोष्ट आहे, ती इथे सांगण्यासारखी नाही.

बहुतेक कबरी साध्या चौकोनी घुमटांच्या आहेत. एक मात्र अष्टकोनी आणि बाहेरून कोरीव. लांबून ती बाकीच्यांसारखीच काळपट दिसते. जवळ गेलं की नजर हलत नाही. भिंतीच्या प्रत्येक बाजूला कमानीचा कोनाडा कोरलेला, त्याभोवती वेलीची पट्टी आणि मधे फुलं. वेल एका बाजूला संपून पुढच्या बाजूला तशीच चालू होते, कोपऱ्यावर पान अर्धं या भिंतीवर, अर्धं त्या भिंतीवर. लेकीने बोट फिरवून पाहिलं. पावसाच्या बाजूची पानं गुळगुळीत झाली आहेत, आडोशाच्या बाजूला मात्र छिन्नीची धार अजून लागते. फारुकी लोक बुऱ्हाणपूरला गेल्यावर तिथल्या इमारतींची नावं झाली. हा हजिरा इथे पोरांच्या क्रिकेटमध्ये थर्डमॅनला उभा आहे. चेंडू आला की एक पोरगा कुंपणाच्या आत येऊन घेऊन जायचा.

किल्ल्याचं काही फार उरलेलं नाही. नदीकडच्या अंगाला तटाचा आणि बुरुजाचा भाग, बाकी मातीचे उंचवटे आणि बाभळी. पण इथे जे घडलं ते ठाऊक असलं पाहिजे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. पुढच्या महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि खानदेशातले होळकरांचे किल्ले इंग्रजांकडे गेले. तह झाल्याचं कागदावर, पण किल्ल्यावरच्या माणसाला कोण सांगणार! २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल हिस्लॉप दक्षिणेकडे जाताना थाळनेरसमोर आला. तोफा चालल्या, किल्लेदार तुळशीराम बाहेर येऊन स्वाधीन झाला, तरी आतल्या दरवाजात गोंधळ उडाला आणि आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतली सगळी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. स्वाधीन झालेल्या माणसाला फाशी दिल्याबद्दल लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न उठले. गावात या सगळ्याचा काही फलक मला दिसला नाही. एका ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारलं तर त्यांनी आधी वेगळीच ओळख दिली, "लतादीदींचं आजोळ हे." तेही खरंच आहे. मंगेशकर भावंडांची आई, माई, थाळनेरच्या गुजराथी लाड कुटुंबातली.

नदीवर गेलो. पाणी संथ, एक होडी बांधलेली, त्यात जाळं. जिभाऊ होडीकडे बोट दाखवून नुसते हसले.

आता माझं मत. थाळनेर एका दुपारचं गाव आहे. ती दुपार उत्तम जाते, पण सोबत सांगणारा माणूस पाहिजे, नाहीतर वीस मिनिटांत 'काय आहे इथे' म्हणून लोक गाडीत बसतील. राहायची सोय नाही, धड चहा मिळायलाही बाजारात यावं लागतं. खाण्याचं शिरपूरला बघा. आम्ही तिथे शेवभाजी खाल्ली, तर्री इतकी की लेकीने वाटीभर दही मागवलं.

शिरपूरहून अंकलेश्वरच्या रस्त्याने शहाद्याला मुक्कामी. रात्री जावेचे फोटो आले. मोटी दमणचा तट, त्याच्यावर चालायला वाट, खाली नदीचं मुख, पलीकडे नानी दमणचा किल्ला. पोर्तुगिजांनी १५५९ मध्ये घेतलेलं गाव. चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली तरी दमण पोर्तुगिजांकडेच राहिलं, ते थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. जावेचा आवाज आला, "ताई, इथं किल्ल्याच्या आतमध्ये सरकारी ऑफिसं आहेत, आणि इतकी शांतता आहे की माझी चप्पल वाजतेय." खरोखरच वाजत होती, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आली.

शुक्रवार

शहाद्याच्या आसपास पपई. रस्त्याच्या कडेला ट्रक लागलेले आणि बायका एकेक पपई कागदात गुंडाळून आत रचतायत, देठ एका दिशेला. उत्तरेकडे जायला लागलं की केळी, ऊस, पपई असं सगळं हिरवं म्हसावदपर्यंत सोबत येतं आणि मग एकदम संपतं. समोर सातपुड्याची भिंत. राणीपूर मागे पडलं की झाडी लागते.

जंगल म्हणून जे डोळ्यांसमोर असतं ते हिवाळ्यात तिथे नाही. सागाची पानं झडायला लागलेली, डोंगराच्या कित्येक सोंडा उघड्या. ज्याला हिरवं तोरणमाळ पाहायचंय त्याने पावसाळा सरता सरता जावं, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा सीताफळंही असतात. डिसेंबरात थंडी मिळते आणि लांबवरचं दिसतं. आम्हाला थंडी पाहिजे होती.

घाट सात पायऱ्यांचा म्हणतात. वळण संपलं वाटतं तोच डोक्यावर दुसरं वळण दिसतं, त्याच्यावर तिसरं. सासूबाईंनी तोंडात लिंबू धरलं होतं. नवऱ्याने घाटात समोरून येणाऱ्या जीपला वाट दिली, जीपमध्ये, जीपवर आणि जीपमागे मिळून माणसं मोजता आली नाहीत. ते सगळे हात हलवून गेले. शेवटच्या वळणानंतर एकदम सपाटी येते, आणि उन्हातही गार वारा लागतो.

खोली आधी बुक केली होती. गरम पाणी चोवीस तास असं फोनवर सांगितलं होतं, ते चोवीसातले कोणते तास हे तिथे गेल्यावर कळलं नाही. मॅनेजर भला माणूस. त्याने मागच्या बाजूला चूल पेटवून बादली तापवून दिली आणि म्हणाला, "मॅडम, धूर लागलेलं पाणी अंगाला चांगलं असतं." मी मान डोलवली.

दुपारी यशवंत तलाव. आम्हाला समुद्र नाही म्हणून की काय, तळं दिसलं की खानदेशी माणूस पाण्याच्या कडेने चालायलाच लागतो. तलाव मोठा आहे, भोवती उतरते डोंगर, पाण्यावर बारीक लाटा. तास-दीड तास छान गेला. मग दोन गाड्या आल्या, डिकी उघडून स्पीकर बाहेर काढले आणि तळ्याकाठी लग्नाची वरात असल्यासारखं सुरू झालं. हे लोक सकाळी येतात, पॉइंटवर फोटो काढतात, जेवतात, वाजवतात आणि अंधाराच्या आत घाट उतरतात. रागावण्यात अर्थ नाही, पाच वाजता ते गेले. आणि तोरणमाळ खरं तर पाचनंतर सुरू होतं. आवाज एकेक करून कमी होतात, बकऱ्या घरी जातात, धूर जमिनीलगत पसरतो आणि सात वाजता आकाशात इतके तारे असतात की लेकीने मोबाईल खिशात टाकला. अर्थात रेंज नव्हतीच.

"इतली थंडी धुयामा बी नही ऱ्हास," सासूबाई दोन गोधड्यांतून म्हणाल्या.

शनिवार

सकाळी सीताखाई. कड्याशी कठडा आहे, तिथून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. पावसाळ्यात इथे धबधबा पडतो, आता ओली रेघ तेवढी. जिभाऊंनी दरीकडे पाठ करून फोटो काढून घेतला, कारण दरीकडे तोंड करून उभं राहायला ते तयार नव्हते. तिथून कमळ तलाव. थंडीत कमळं फारशी नव्हती, पानं होती.

गोरक्षनाथांच्या मंदिरात सासूबाईंनी बराच वेळ घेतला. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, मध्य प्रदेशातूनही लोक डोंगर चढून चालत येतात. मच्छिंद्रनाथांची गुहाही जवळ आहे. नाथपंथाची ठाणी अशा आडबाजूलाच का असतात, यावर जिभाऊ म्हणाले, "शहरात कोण साधू होऊ देतं?"

दिवसातला सगळ्यात चांगला वेळ मात्र कुठल्याच पॉइंटवर गेला नाही. मॅनेजरच्या ओळखीचा एक पावरा मुलगा आम्हाला त्याच्या पाड्यावर घेऊन गेला, पाऊण तास चालत. पावरा आणि भिल्ल लोकांची घरं आपल्यासारखी चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, एका टेकाडावर एक, दुसरं हाकेच्या अंतरावर. गाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते नवख्याला कळत नाही. घर बांबूच्या तट्ट्यांचं, वरून शेणमातीने लिंपलेलं, कौलारू. आत शिरलो की एका बाजूला गुरं, एका बाजूला बांबूची विणलेली धान्याची कणगी माणसाच्या उंचीची, आणि मधे चूल. धुराने वरची लाकडं काळी आणि चकचकीत झालेली. त्यांना कीड लागत नाही ती म्हणे यामुळेच.

मुलाच्या आईने जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. मक्याच्या पिठाला ज्वारीसारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे भाकरी थापताना चिरते. मी घरी दोनदा करून सोडून दिलेली. ती बाई पिठात गरम पाणी घालून बराच वेळ तळहाताच्या टाचेने रगडत होती. गोळा घेतला, हातावरच फिरवत फिरवत मोठा केला, परातीचं नाव नाही. कडेला चीर पडली की ओल्या बोटाने दाबायची आणि पुढे फिरवायची. मातीच्या तव्यावर टाकली, एका बाजूला डाग पडले की उचलून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी केली. तिथे ती फुगली. सोबत उडदाची डाळ आणि दगडावर वाटलेली लसूण-मिरची. सासूबाई कमी बोलतात. त्यांनी विचारलं, "पीठ बारीक दळता का जाड?" आणि मग दोघींचं हातवाऱ्यांनी सुरू झालं. एकीला अहिराणी येते, दुसरीला पावरी, मराठी दोघींची अर्धी. अंगणातच एका बाजूला पोत्यात आमचूर होता, गेल्या उन्हाळ्यात कैऱ्या कापून वाळवलेला. धडगावकडच्या बऱ्याच घरांना उन्हाळ्यात रोख पैसा यातूनच दिसतो. आम्ही दोन किलो घेतला. तिने भाव सांगितला, जिभाऊंनी सवयीने घासाघीस करायला तोंड उघडलं, सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तोंड मिटलं.

मुलाने सांगितलं, खरं यायचं तर होळीला या. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, धडगावला मोठा, ढोल, बासऱ्या, नवे कपडे, सगळा डोंगर खाली उतरतो. त्याच्या आजोबांचं गाव नर्मदेकाठी होतं, ते सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं. हे त्याने भोंगऱ्याच्याच सुरात सांगितलं, मधे न थांबता.

संध्याकाळी एका उंचवट्यावर रेंजच्या दोन काड्या आल्या आणि जावेचे सगळे फोटो एकदम पडले. ओहोटीला दमणगंगेच्या मुखाशी चिखलात कलंडून बसलेल्या बोटी. बॉम जीझस चर्चमधली लाकडी कोरीव वेदी. आणि शनिवारचा देवका किनारा, म्हणजे माणसंच माणसं, खडकाळ काळं पाणी, उंट, भजी. तिने लिहिलं होतं, "गुरुवारी आलो ते बरं झालं. आज इथं पाय ठेवायला जागा नाही."

मग जेवणानंतर परत तोच विषय निघाला, कोणाचं बरोबर होतं. नवऱ्याचं मत, वयस्कर माणसं असतील तर दमणच. सपाट चालणं, दवाखाना जवळ, रिक्षा मिळते, आणि किल्ला-चर्च आपलं आपण बघता येतं. त्याचं हे म्हणणं मला पटतं. तोरणमाळला रात्री कोणाच्या छातीत दुखलं तर घाट उतरून शहादा गाठायचं, हा विचार मी दोन्ही रात्री केला. पण एक फरक त्याच्या लक्षात येत नाही. जुनं बंदर दिवसा बघायचं असतं, जाऊन-येऊन जमतं. जंगलात मुक्काम केला नाही तर गेलाच नाहीत असं समजा. शुक्रवारचे ते स्पीकरवाले तोरणमाळला येऊन गेले, असं मी म्हणणार नाही. म्हणून हाताशी एकच दिवस असेल तर थाळनेरला जा, किंवा सुरतेकडे नातेवाईक असतील तर दमणला, तेही सोमवार ते गुरुवारात. रजा जास्त असेल आणि घरातल्या सगळ्यांना गार पाण्याची तयारी असेल, तरच घाट चढा. लेकीने विचारलं, "मग दोन्ही का नाही?" जिच्या डोक्यावर गृहकर्ज नाही तिला असे प्रश्न पडतात.

रविवार

उतरताना घाट लहान वाटला. शहाद्याला परत रेंज, परत पपईचे ट्रक. जिभाऊंना प्रकाशाला जायचं होतं. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वर, आणि १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी इथे उत्खनन करून ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती दाखवली ती जागा. पण रस्ता उलट्या बाजूला, आणि सारंगखेड्याला दत्ताची यात्रा चालू होती. मतदान झालं. प्रकाशा हरलं.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार. देशभरातून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. दर्शनाची रांग एकीकडे आणि दुसरीकडे धुळीत टापा. एक व्यापारी अबलख घोड्याचं तोंड उघडून दात दाखवत होता. गिऱ्हाईक दातांकडे बघत नव्हतंच, ते गुडघ्याच्या खालून हात फिरवत होतं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतात, ते आम्हाला दुरून दिसलं. जिभाऊ अर्धा तास एका काळ्या शिंगराजवळ उभे. शेवटी मालकाने विचारलं, "बाबा, ठेवणार कुठे?" जिभाऊ म्हणाले, "देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर."

जत्रेतली जिलेबी खाल्ली. पुलावरून तापी परत दिसली, इथे बॅरेजमुळे काठोकाठ भरलेली. या वेळी जिभाऊ बंदराबद्दल काही बोलले नाहीत, घोड्याबद्दल बोलत होते.

दोंडाईच्याला मिरचीचा बाजार. वर्षाची मिरची इथूनच न्यायची असं सासूबाईंनी निघतानाच ठरवलं होतं, आम्हाला मात्र तिथे पोचल्यावर सांगितलं. लाल ढीग, त्यावर चालणाऱ्या बायकांच्या नाकाला फडकी. दहा किलोची गोणी डिकीत मावेना, लोटा आणि आमचूर आधीच होते, म्हणून गोणी मागच्या सीटवर लेक आणि जिभाऊंच्या मधे ठेवली. काचा बंद होत्या. चिमठाणे येईपर्यंत पाचही जण शिंकत होतो, ड्रायव्हरसकट. तेव्हा कुठे गाडी बाजूला घेतली आणि गोणी दोरीने टपावर बांधली.